रक्त न सांडता

वाघमारे सरांनी आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, आणि तोही एका धामणीसाठी.

मुलुंड पूर्वेला आमची शाळा. शाळेच्या मागे तेव्हा थेट मिठागरांपर्यंत मोकळी, दलदलीची जमीन होती. पावसाळ्यात तिथून विंचू यायचे, खेकडे यायचे, क्वचित सापही. एका दुपारी प्रयोगशाळेच्या पायरीखाली धामण दिसली. पोरं काठ्या शोधायला पळाली आणि आमचे पी.टी.चे राणे सर हॉकी स्टिक घेऊन पुढे झाले. वाघमारे सर आठवीवर इतिहास शिकवत होते. ते तास सोडून आले, पोरांच्या घोळक्यातून वाट काढली आणि जाऊन सरळ त्या पायरीवरच बसले. खाली धामण, वर सर.

"राणे, काठी खाली टाका." हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की वरच्या मजल्यावरचे वर्ग गप्प झाले.

"अहो सर, उठा तिथनं. चावली म्हणजे?"

"तिला विष नाही," सर आवाज खाली आणत म्हणाले. "आपण सगळे इथून गेलो की तीही जाईल. तिला काय शाळेत थांबायची हौस आहे?"

पोरं हसली, राणेही हसले, आणि धामण खरंच गटाराच्या कडेनं, कुंपणाखालून निघून गेली. सरांनी पँट झटकली आणि उरलेला तास घ्यायला वर गेले. नंतर स्टाफरूममध्ये राणे म्हणाले, "आडनाव काय, तर वाघमारे. आणि साधी धामण मारू देत नाही माणूस."

सर म्हणाले, "आडनाव आजोबांचं, धर्म वडिलांचा. दोन्ही एका माणसाला कसं झेपणार?"

उंच, किरकोळ अंगाचा माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, मार्च-एप्रिलच्या घामातसुद्धा. चहा बशीत ओतायचे, पण फुंकर मारायचे नाहीत. निवेपर्यंत थांबायचे. स्टाफरूमच्या वेताच्या खुर्च्यांमध्ये ढेकूण होते. बाकीचे चिरडायचे, हे चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडायचे. "सर, खाली प्राथमिकचा वर्ग आहे," मी एकदा म्हटलं. त्यावर ते इतके ओशाळले की पुढच्या वेळी ढेकूण घेऊन जिना उतरून मैदानात गेले.

वर्गात ते 'शत्रू' हा शब्द वापरत नसत. 'समोरची फौज' म्हणायचे. लढाईत किती माणसं मेली असं पुस्तकात असलं, तर तो आकडा वाचून झाल्यावर क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "एवढ्या घरांत त्या रात्री कोणी जेवलं नसेल." पोरांना ते पाठ झालं होतं. सर थांबले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ते वाक्य आधीच म्हणून टाकायचं. सर रागवायचे नाहीत. "बरोबर," म्हणायचे.

पण त्यांचं खास वाक्य कलिंगाच्या लढाईच्या धड्यासाठी राखून ठेवलेलं असे. लढाई संपली, सम्राटाला पश्चात्ताप झाला, त्याची मुलं बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापलीकडे लंकेला गेली, इथपर्यंत आले की सर खडू ठेवून द्यायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "जगात रक्त न सांडता पसरलेला हा एकच धर्म." आमच्या शाळेतून गेलेल्या कितीतरी तुकड्यांनी हे वाक्य ऐकलं. पोरं घरी जाऊन सांगायची आणि कधीकधी पालक भांडायला यायचे. सर त्यांनाही चहा पाजायचे.

स्टाफरूममध्ये या वाक्यावरून वाद रंगत. राणे मालवणकडचे, देवाधर्माचे, आणि तापट. "म्हणजे आमचा धर्म काय मारामारीचा काय, सर?"

"तसं नाही म्हणालो. तुमच्याकडे रणांगणावर उपदेश झाला. आमच्याकडे रणांगणानंतर पश्चात्ताप झाला. एवढंच."

"आणि मुलाणींकडे?"

मुलाणी आमचे चित्रकलेचे शिक्षक. रत्नागिरीकडचे, राहायला कुर्ल्याला. अशा वेळी ते डब्यातली भाजी सगळ्यांच्या ताटलीत वाढायला घ्यायचे. "माझ्याकडे आज शेवग्याच्या शेंगा आहेत," म्हणायचे, आणि विषय तिथेच बुडायचा.

मला सरांचं हे सगळं थोडं गर्विष्ठ वाटायचं. एकदा तसं बोललेही. शाळा सुटल्यावर आम्ही बरोबरच घरी जायचो, कारण नाहूरच्या बाजूच्या एकाच हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहायचो, समोरासमोरच्या इमारतींत. मी म्हटलं, "सर, प्रत्येकाला आपलाच धर्म शांत वाटतो."

ते चालता चालता थांबले. "सावंतबाई, तुम्हाला धर्म मिळाला. माझ्या बापानं तो निवडला. आमच्या गावात विहिरीपासून लांब उभं राहून, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघितलेला माणूस तो. नागपूरला दीक्षा घेऊन परत आला तेव्हा मी लहान नव्हतो, सगळं आठवतंय. गावानं आमचं सगळं बंद केलं. दुकान, चक्की, बैल. बापानं कुणावर हात उचलला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, आता आपला धर्म शांतीचा आहे. बाजारातून निवडून आणलेली वस्तू माणूस चारदा वाजवून बघतो, बाई. मी वाजवून बघितलीय."

आम्ही पुन्हा चालायला लागलो.

सरांच्या समोरच्या दारात कमलामामी राहायच्या. तमिळ. नवरा इथल्याच औषधाच्या कारखान्यात होता, तो अकाली गेला. एकुलती एक मुलगी शारदा. ती आमच्याच शाळेत शिकली, मराठी माध्यमात, आणि मराठी अशी बोलायची की ऐकणाऱ्याला ती तमिळ आहे हे सांगूनही पटू नये. तिचं अर्धं लहानपण सरांच्या घरात गेलं. सरांना मूल नव्हतं. सरांच्या पत्नी, विमलवहिनी, तिची वेणी घालायच्या, मामी सकाळी इडल्यांची ताटली पाठवायच्या, आणि सर तिला सनावळ्या पाठ करायला लावायचे. इतिहासात तिला नेहमीच चांगले गुण.

शारदा बी. ए. झाली आणि तिला कोलंबोचं स्थळ आलं. मामींच्या नवऱ्याकडून लांबचं नातं. मुलाचं नाव नटेसन, कापडाचं दुकान, स्वभावानं गरीब. शारदाचे मद्रासचे मामा म्हणत होते, हो म्हणून टाक. मामींचं मन होत नव्हतं. एकटी मुलगी, आणि मध्ये समुद्र. त्या सरांकडे आल्या. मी विमलवहिनींकडे शिवायला दिलेला ब्लाउज न्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

"वाघमारे सार, तुम बोलो. भेजना क्या?"

सर उठून उभे राहिले. एखादा आवडता धडा सुरू करावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मामी, मुलीला कुठंही पाठवायला मला भीती वाटली असती. पण ये तो बुद्ध का देश है. दोन हजार वर्षं जिथं सकाळ-संध्याकाळ अहिंसेचं नाव घेतात, तिथं परक्या मुलीला कोण त्रास देईल? तिथं मुंगी मारताना माणूस विचार करतो. बेफिकीर भेजो. माझी मुलगी असती तर मी पाठवली असती." आणि जरा थांबून म्हणाले, "माझीच आहे."

मामींनी डोळे पुसले. शारदा आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. ती लाजून हसली. चेंबूरच्या एका हॉलमध्ये लग्न झालं. सर पहिल्या रांगेत बसले होते, चपला काढून, हात जोडून. दुसऱ्यांच्या विधींना ते नेहमी तसेच बसायचे. निघताना त्यांनी शारदाला एक छोटीशी बुद्धमूर्ती दिली. "तिथं मिळतीलच," ती म्हणाली. "तिथल्या त्यांच्या. ही आपल्या घरची," सर म्हणाले.

दोनेक वर्षं तिची पत्रं येत होती. कोलंबो कसं मुंबईसारखंच दमट आहे, पौर्णिमेला तिथं सुट्टी असते आणि सगळी गल्ली पांढरे कपडे घालून फुलं घेऊन कशी विहाराकडे निघते, शेजारची सिंहली म्हातारी तिला फणसाची भाजी करायला कशी शिकवते. मामींना मराठी वाचता येत नसे आणि शारदाला तमिळ नीट लिहिता येत नसे, म्हणून पत्रं सर वाचून दाखवायचे. पौर्णिमेचा भाग दोनदा वाचायचे.

मग त्र्याऐंशीचा जुलै आला.

सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होतं. उत्तरेत तमिळ बंडखोरांनी सैनिक मारले, आणि त्यावरून कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं जळत होती. जमाव हातात याद्या घेऊन फिरतोय, असं लिहिलं होतं. त्या दिवशी सर शाळेत आले आणि वर्तमानपत्र समोर धरून बसले. पुढचा तास त्यांचा होता. घंटा झाली तरी ते उठले नाहीत. मी जाऊन त्यांच्या वर्गावर बसले.

पुढचे काही दिवस आमच्या वसाहतीत सगळे फक्त वाट बघत होते. आख्ख्या वसाहतीत एकच टेलिफोन होता, तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. सरांनी कोलंबोच्या दुकानाच्या नंबरला ट्रंक कॉल लावला. तो मिळेपर्यंत मामी पेशंटांच्या बाकावर बसून राहिल्या. तापानं फणफणलेली पोरं, खोकणारी म्हातारी माणसं, आणि त्यांच्या मध्ये पदर घट्ट धरून बसलेल्या मामी. सर टेलिफोनपाशी उभे. मी शाळेतून परस्पर तिथं गेले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला घंटी वाजली. सरांनी रिसीव्हर उचलला, खूप वेळ ऐकलं, एकदोनदा "येस, येस" म्हणाले आणि ठेवून दिला.

"क्या बोला, सार?"

"लाइन खराब है, मामी. तिकडे पण खूप पाऊस आहे म्हणे."

मामींनी मान डोलावली. घरी जाताना सरांनी मला सांगितलं. ऑपरेटर म्हणाली होती, त्या रस्त्यावरचा एकही नंबर लागत नाही, रस्ताच जळालाय म्हणून सांगतायत.

मी म्हटलं, "मग तुम्ही पाऊस..."

"हो," ते म्हणाले. "बोललो खोटं."

ते फोर्टला लंकेच्या वकिलातीत गेले. बाहेरच्या फाटकाशी रांग होती, सगळे तमिळ, माटुंग्याचे, धारावीचे, आणि त्यांच्यात हे एकटे. कुणीतरी विचारलं, तुमचं तिथं कोण? यांनी सांगितलं, मुलगी. नाव विचारल्यावर शारदा नटेसन सांगितलं आणि स्वतःचं वाघमारे. त्या माणसानं पुढे काही विचारलं नाही. आतून एवढंच उत्तर मिळालं की माहिती आली की कळवू. तार पाठवली, ती पोहोचली की नाही तेही कळलं नाही. घाटकोपरच्या विहारात एक भंतेजी होते, त्यांच्याकडे गेले. भंतेजी तरुण होते, साताऱ्याकडचे. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण बसून मैत्री भावना करू. सर्वांचं कल्याण होवो." दोघं बसले. परत आल्यावर सर मला म्हणाले, "त्यांच्याकडे तेवढं तरी होतं."

स्टाफरूममध्ये काय होणार, याची मला धास्ती होती. राणे वाईट माणूस नव्हते, पण तोंडाला लगाम नव्हता. एका मधल्या सुट्टीत त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर उघडं ठेवलं, जळणाऱ्या दुकानाचा फोटो वर येईल असं. "काय सर, रक्त न सांडता ना?"

मी म्हटलं, "राणे, पुरे."

"नाही, मी नुसतं विचारतोय. एवढी वर्षं ऐकतोय आम्ही."

वाघमारे सरांनी तो फोटो बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. "तुमचं बरोबर आहे," म्हणाले.

राण्यांना भांडण हवं होतं. हे उत्तर आल्यावर त्यांचाच चेहरा पडला. "तसं नाही हो सर," ते पुटपुटले आणि वर्तमानपत्र घडी करून घेऊन गेले. त्यांना शारदाचं माहीत नव्हतं. नंतर मी सांगितलं तेव्हा तो माणूस दोन दिवस सरांसमोर आला नाही.

सगळे गेल्यावर मुलाणी आपली खुर्ची सरांच्या जवळ घेऊन आले. इतक्या वर्षांत या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले. "सर, मनाला लावून घेऊ नका. माझ्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. जगात कुठंही काही झालं की सगळे माझ्याकडे बघतात. इराणमध्ये झालं तरी माझ्याकडे, मुरादाबादेत झालं तरी माझ्याकडे. मी काय केलेलं असतं? मी डबा खात असतो. आज तुमच्याकडे बघतायत. थोडे दिवस बघतील, मग थांबतील."

सर म्हणाले, "मीही बघत होतो, मुलाणी. तुमच्याकडे."

"माहीत आहे," मुलाणी म्हणाले. "खा, शेंगा आहेत."

गणपतीच्या सुमाराला शारदा परत आली. मद्रासला विमानानं, आणि तिथून मामाबरोबर मुंबईला. एकटी. दुकान जळलं त्या सकाळी नटेसन दुकानात गेला होता. तो परत आला नाही. त्याचं काही सापडलंही नाही. टॅक्सी वसाहतीच्या फाटकाशी थांबली तेव्हा सर इमारतीच्या दाराशी उभे होते. शारदा उतरली. केस बारीक कापलेले, अंगावर दुसऱ्या कुणाची तरी ढगळ साडी. सर दोन पावलं पुढे आले आणि तिथंच थांबले. मामी तिला धरून वर घेऊन गेल्या. सर तिची पिशवी तेवढी उचलून वर गेले, मामींच्या दाराशी ठेवली आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढे कितीतरी दिवस ते समोरच्या दारात गेले नाहीत. मध्ये चार पावलांचा व्हरांडा होता. विमलवहिनी जाऊन बसायच्या, रडायच्या, जेवण देऊन यायच्या. सर शाळेत जाताना त्या दाराकडे न बघता जिना उतरायचे. इडल्यांची ताटली मात्र मामींनी एक दिवसही चुकवली नाही.

एका रविवारी मी शारदाला भेटायला गेले. तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "बाई, चला ना माझ्याबरोबर. सरांकडे जाऊ. ते येत नाहीत, आणि एकटी गेले तर मी रडेन."

सर खिडकीपाशी बसले होते. तिला बघून उठले. "बस," म्हणाले. ती जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तिथं, कपाटाला टेकून.

तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता, इतिहासाचं उत्तर सांगावं तसं. सकाळी धूर दिसला. शेजारची सिंहली म्हातारी मागच्या दारानं आली, हिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली आणि स्वयंपाकघरात नारळांच्या ढिगामागे बसवलं. दुपारी माणसं आली. शारदाचं घर त्यांनी आधीच पेटवलं होतं. त्यांनी म्हातारीला विचारलं, आत कुणी आहे का? म्हातारी म्हणाली, नाही. ते म्हणाले, शपथ घे. दारातच कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती. म्हातारीनं तिच्यावर हात ठेवला आणि सांगितलं, माझ्या घरात तमिळ कुणी नाही.

"खोटं बोलली," सर हळूच म्हणाले.

"हो. बुद्धावर हात ठेवून."

सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. इतक्या आठवड्यांत त्यांना हात टेकायला पहिल्यांदाच काही सापडलं होतं. "बघ," ते म्हणाले, "ती खरी बौद्ध. ती खरी. जे आले होते ते नुसते नावाचे..."

"सर." शारदानं त्यांना थांबवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी आवाज ओळखले ना त्यांचे. आमच्याच गल्लीतले होते. मी पत्रात लिहायचे ना, पौर्णिमेला सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत जाते म्हणून? तेच. एकजण आमच्याकडे ब्रेड टाकायचा. त्याच्या आईला विहारात जाता येईना, तर पाठीवर घेऊन जायचा. मी त्याला मनातून खूप मान द्यायचे. तोही खराच होता, सर."

सर परत खिडकीपाशी जाऊन बसले.

"आणि आमचे लोक पण काय," ती पुढे म्हणाली. "उत्तरेत आमच्याच पोरांनी त्या सोल्जरांना उडवलं. सकाळी कपाळाला विभूती लावूनच गेली असतील ती. मी खूप विचार केला, निर्वासितांच्या कॅम्पमध्ये दुसरं कामच नव्हतं. काही कळत नाही. तुम्ही सांगा ना. तुम्ही शिकवायचात."

विमलवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. सरांनी हात वर करून डोक्यावरून फिरवला, खाली ठेवला. "मला माहीत नाही, पोरी," ते म्हणाले. "मी तुझ्या आईला सांगितलं होतं, पाठव म्हणून."

"सांगितलंत. मलाही जायचं होतं."

शारदानं चहा घेतला. जाताना ती त्यांच्या पाया पडली. लहानपणापासून ते कुणाला पाया पडू देत नसत, तिलाही कधी पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी ते अडवायचंही विसरले.

त्या वर्षी कलिंगाचा धडा आला तेव्हा मी शेजारच्या वर्गात होते. मधली भिंत म्हणजे नुसती फळ्यांची. सरांनी लढाई शिकवली, पश्चात्ताप शिकवला. मग एका पोरानं उठून विचारलं, बहुतेक त्याच्या थोरल्या भावानं सांगितलं असावं, "सर, जगात सगळ्यात शांत धर्म कोणता?" पलीकडून खडू ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "पुढचं पान काढा."

घरी जाताना त्यांनीच विषय काढला. "माझ्या बापानं शांतीसाठी नव्हता धर्म निवडला, सावंतबाई. विहिरीवर आपल्या हातानं पाणी काढता यावं, म्हणून निवडला होता. ते आजही खरं आहे, तेवढं माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. बाकीच्यांपेक्षा आपण शांत, हे मी जोडलं. मला बरं वाटायचं ते." थोडं चालल्यावर म्हणाले, "आपल्याला बरं वाटावं म्हणून एका मुलीला पाठवलं मी."

"सर, तुम्ही काही मुद्दाम..."

"मुद्दाम कोण करतं?"

पुढच्या उन्हाळ्यात भिवंडीत पेटलं आणि ते आपल्या उपनगरांपर्यंत आलं. शाळेला सुट्टी होती. कुर्ल्याचं ऐकल्यावर सर उठले आणि मुलाणींच्या घरी गेले. वहिनी नको नको म्हणत होत्या. मुलाणींना त्यांनी सांगितलं, बायकापोरांना घेऊन माझ्याकडे नाहूरला चला. मुलाणी म्हणाले, "किती दिवस, सर? आणि तुमच्या वसाहतीत मला ओळखत नाहीत." सरांना ते खोडता येईना. या वेळी त्यांनी कुठल्याच वसाहतीची, कुठल्याच माणसांची हमी दिली नाही. मग ते तिथंच बसले, मुलाणींच्या दारात, बाहेर खुर्ची टाकून. मुलाणींच्या मुलीनं चहा दिला. गल्लीच्या तोंडाशी आवाज यायचे, जायचे. संचारबंदीची वेळ झाली तेव्हा मुलाणींनीच त्यांना हाताला धरून उठवलं आणि घरी पाठवलं. त्या गल्लीत सुदैवानं काही झालं नाही. मी सरांना म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून बरं." ते म्हणाले, "मी होतो म्हणून काही टळलं नाही, बाई. झालं असतं तरी मी असाच बसलो असतो."

नंतर माझ्या नवऱ्याची बदली झाली, आम्ही बोरिवलीला गेलो, मी तिकडच्या शाळेत लागले. सर निवृत्त झाल्याचं कळलं. शारदा मुलुंडला एका बालवाडीत शिकवायला लागली होती. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. नटेसन गेल्याचा कुठलाही कागद कुणी दिला नाही, त्यामुळे ती धड विधवाही नव्हती. मामी कुंकू लाव म्हणायच्या, ती कधी लावायची, कधी नाही.

मामी गेल्याचा निरोप आला म्हणून मी मुलुंडच्या स्मशानात गेले. माणसं मोजकीच होती. मद्रासचे मामा म्हातारे झाले होते, येऊ शकले नव्हते. पुरोहितानं विचारलं, मुलगा कोण? सर पुढे झाले, आणि मध्येच थांबले. हे विधी करणार नाही, अशी त्यांची दीक्षेतली शपथ होती. ती त्यांनी वडिलांच्या वेळीही मोडली नव्हती. त्यांच्याकडे बघून शारदानं स्वतःच मडकं खांद्यावर घेतलं. पुरोहित कुरकुरला, मग त्यानं मंत्र सुरू केले. सर जिथं थांबले होते तिथंच उभे राहिले, ना पुढे, ना मागे, ती चितेला फेऱ्या घालून होईपर्यंत.

नंतर आम्ही बाकावर बसलो. सर खूप वाळले होते. म्हणाले, "मामींनी मला एकदाही विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. समोरासमोर दारं आमची. भांडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रोज सकाळी ताटली पाठवायच्या. आणि मी ती खायचो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. शारदा हातपाय धुऊन आली आणि आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. मला स्टेशनची बस समोरच मिळाली. सर म्हणाले, तुम्ही जा, आम्ही रिक्षा बघतो. बसमध्ये बसल्यावर मी खिडकीतून बघितलं. रिक्षा एकामागून एक येत होत्या, आणि स्मशानाच्या फाटकाशी उभी असलेली माणसं दिसली की न थांबता पुढे जात होत्या. शारदा ओल्या पदरानं मागे उभी होती. सर रस्त्यात एक पाऊल पुढे होऊन, हात वर करून उभे होते. रिक्षा गेली की हात खाली यायचा, दुसरी दिसली की वर जायचा. बस वळेपर्यंत एकही थांबली नव्हती.